न फुटलेलं संत्रं

बडे बाबू गोल्फ खेळायचे, असं सौंसरच्या कुणा जुन्या माणसानं सांगितलं तर मान डोलवा, पण विश्वास ठेवू नका. बडे बाबू गोल्फच्या आधीचं सगळं करायचे. रोज पहाटे, सव्वा तास, एकही दिवस न चुकता. गोल्फ तेवढा राहून जायचा.

मी त्यांच्या घरी भाड्यानं राहायचे. चोवीस वर्षांची होते, पांढुर्ण्याहून आलेली, सौंसरच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायला नुकतीच लागलेली. घराण्यातली पहिली बी.एस्सी. त्यामुळे सगळं विज्ञान माझ्याच पर्समध्ये राहतं आणि मी चेन उघडली तरच बाहेर पडतं, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. आज नातवंडं मोबाइल कसा धरायचा ते मला शिकवतात आणि मी गुमान शिकते. त्या पर्सची शिक्षा म्हणा.

पहिल्या पहाटे जाग आली ती सपासप आवाजानं. कुणी कुणाला छडीनं मारत असावं तसा. खिडकीतून पाहिलं तर अंगणात घरमालक. साठी ओलांडलेली, अंगात बंडी, गळ्याला मफलर, खाकी हाफपँट, पायांत पांढरे मोजे आणि पॉलिश केलेले बूट. हातात एक लोखंडी दांडा, त्याच्या टोकाला चपटं पातं. तो दांडा डोक्यामागून आणून हवेत फिरवायचे, थांबायचे, आणि लांब कुठंतरी बघत राहायचे. समोर आमच्या न्हाणीची भिंत होती. त्या भिंतीपलीकडं खूप दूर काहीतरी जाऊन पडलं आणि अगदी हवं तिथंच पडलं, असं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर.

मी घाबरून स्वयंपाकघरात गेले. घरमालकीण चुलीपुढं बसल्या होत्या. पहिल्याच दिवशी मी त्यांना मावशी करून टाकलं होतं.

"मावशी, बाबूजींना काही होतंय का?"

"काही नाही होऊन राहिलं," फुंकणी न सोडता त्या म्हणाल्या. "काही होत असतं तं रोज रोज एवढं कायले करत बसले असते?"

क्रम ठरलेला होता. आधी घंगाळात कोमट पाणी, त्यात मूठभर मीठ. दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवून शंभर आकडे मोजायचे. मग मनगटं फिरवायची, आधी घड्याळासारखी, मग घड्याळाच्या उलटी. मग मावशींचं मुसळ खांद्यावर आडवं घेऊन, त्याला दोन्ही हात लोंबकळत ठेवून कमरेतून वळायचं, डावीकडं आणि उजवीकडं. मग दोन्ही काखांत एकेक पंचा दाबून दांडा फिरवायचा. पंचा पडला की सगळं पहिल्यापासून, अगदी घंगाळापासून. पंचा पडला की मावशी आतूनच सांगायच्या, "झालं. आज चहा दुपारी." मग दोन दांडे एकत्र धरून दहा वेळा, म्हणजे नंतर एक दांडा हलका लागतो. शेवटी तीन रिकामे फटके. मग मफलरीनं घाम पुसून ते म्हणायचे, "तयार."

कशासाठी तयार, हे त्या घरात कुणी विचारत नसे. मी विचारलं. आठवड्याच्या आत विचारलं, कारण पर्सची चेन.

"बाबूजी, पण चेंडू कुठाय?"

"हाय ना जी. तीन हायेत." त्यांनी आतून बिस्किटाचा डबा आणला. कापसात तीन पांढरे चेंडू, अंड्यांसारखे ठेवलेले. "हे मैदानावरचे. घरी नाही मारत याईले."

"मग मैदानावर केव्हा मारता?"

त्यांनी डबा बंद केला. "अजून नाही मारला, बहनजी."

आमच्या तिकडं शिक्षिकेला बहनजी म्हणत, आणि त्यांच्यासारखा म्हातारा माणूस मला बहनजी म्हणाला की मी दोन बोटं उंच व्हायचे.

हळूहळू कळलं ते असं. लोधीखेड्याच्या रस्त्याला आत एक मँगनीजची खाण होती. तिथल्या साहेबांनी फार पूर्वी एक मैदान करून घेतलं होतं, नऊ होलांचं. गवत कमी, मुरूम जास्त, होलाभोवती तेल घातलेली काळी वाळू. ते मैदान करताना दगड वेचायला जी माणसं लावली होती त्यांत बडे बाबूंचे वडील होते. ते टोपली उचलता उचलता गेले. मुलगा मॅट्रिक झाला, खाणीच्या ऑफिसात चिकटला, आणि चढत चढत हेडक्लार्क, म्हणजे बडे बाबू झाला. अक्षर मोत्यासारखं. म्हणून दर रविवारी साहेब लोक खेळायला निघाले की बडे बाबूंना सोबत घेत. कुणी किती फटक्यांत कुठलं होल घेतलं ते कार्डावर लिहायला; फटके जितके कमी तितका खेळ चांगला. सव्वीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे फटके लिहिले. सव्वीस वर्षांत त्यांच्या हातात काठी कुणी दिली नाही. द्यायची नाही असं कुणी ठरवलंही नव्हतं. कुणाला सुचलंच नाही.

पण बघत होते ना! त्यांची एक पद्धत होती. कार्डाच्या तळाला बारीक अक्षरात ते दोन गोष्टी टिपून ठेवायचे. पहिली, या खेळाडूनं खेळाआधी अंग तापवलं की नाही. दुसरी, दोष कशाचा. "दोष: घाई." "दोष: वारा." "दोष: काल रात्रीचे जेवण." सव्वीस वर्षांच्या टिपणांतून त्यांचा सिद्धांत तयार झाला होता: गेम पहिल्या फटक्यावर जाते आणि पहिला फटका आधीच्या तासावर. हे ते मला दर दोन दिवसांनी सांगत, जणू काल रात्रीच शोध लागला.

आणखी एक त्यांचं. लिहिलेलं खोडायचं नाही. एकदा एका साहेबानं पाहुण्यासमोर लाज वाटली म्हणून साताचे सहा करायला सांगितले. बडे बाबू म्हणाले, "साहेब, पेन्सिल माझी आहे, पण फटका तुमचा आहे." पुढं तीन महिने त्यांची रजा मंजूर झाली नाही. चूक झालीच असेल तर तिच्यावर काट मारायची, बाजूला खरं लिहायचं आणि खाली सही करायची. "खोडलं की खोटं बी गेलं अन् खरं बी गेलं," ते म्हणायचे. "काट मारली की दोन्ही दिसते. अन् सही कोनाची, ते बी दिसते."

ते निवृत्त झाले त्या दिवशी खाणीच्या मॅनेजरांनी, ज्यांना सगळे मोठे साहेब म्हणत, आपल्या जुन्या तीन काठ्या, तीन चेंडू आणि एक कोरं कार्ड त्यांना दिलं आणि म्हणाले, "एक दिन आपका कार्ड मैं लिखूँगा, बडे बाबू." मग मोठे साहेबही निवृत्त होऊन नागपूरला गेले. बडे बाबू आपल्या निवृत्तीच्या दुसऱ्या पहाटेपासून अंग तापवायला लागले. त्याला मी आले तेव्हा चार वर्षं झाली होती.

त्यांना फार काही नको होतं. आपल्या नावाचं एक कार्ड हवं होतं. नऊ होलांचं, पूर्ण भरलेलं.

आता माझी मर्दुमकी ऐका.

मला ते रिकामे फटके बघवेनात. चेंडूशिवाय सराव म्हणजे पाण्याशिवाय पोहणं, असं मी त्यांना सुनावलं. ते म्हणाले, चेंडू तीनच, मागं बाग, गवतात गेला तर गेला. मी म्हटलं, थांबा. डब्यातला एक चेंडू रुमालात गुंडाळला, माझ्या जेवणाच्या डब्यात ठेवला आणि शाळेत नेला. शाळेत काचेच्या पेटीतला एकच तराजू होता. मुलींना मी त्याच्या जवळही फिरकू देत नसे. त्यावर चेंडू तोलला. पन्नास ग्रॅमला चार कमी. मग तारेचं एक कडं वाकवलं, ज्यातून चेंडू अलगद जाईल एवढं.

आषाढ होता. घरामागच्या संत्र्याच्या बागेत गळ पडली होती. झाडावरून आपोआप गळून पडलेली हिरवी, टणक फळं, लिंबाहून जरा मोठी. ती कुणी उचलत नाही. मी पदर खोचून ओटीभर वेचली, कड्यातून घातली, बसली ती शाळेत नेऊन तोलली. काही फळं तर ग्रॅमलासुद्धा चुकली नाहीत! मला काय आनंद झाला म्हणून सांगू. साऱ्या पांढुर्णा-सौंसरात संत्री पिकतात, पण त्यांतून गोल्फचा चेंडू काढणारी मी पहिली.

"बाबूजी, वजन तेच, आकार तोच. हे हाणा बिनधास्त."

त्यांनी फळ हातात घेतलं, दाबून पाहिलं. "पण बहनजी, चेंडू तं टणक असते."

"वजन सारखं, आकार सारखा. मग फरक राहिला कसला?"

"तुमी म्हनता तं बरोबरच असंन जी."

सव्वीस वर्षं लिहिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवलेला माणूस. मी तराजूवर तोलून आकडा आणला होता.

पहिल्या दिवशी अकरा फळं फुटली. मावशींनी चुंबळीसारखं एक छोटं कडं चिंधीचं वळून दिलं होतं, त्यावर फळ ठेवायचं. दांडा बसला की फळाच्या चिंधड्या, सालीचं तेल त्यांच्या डोळ्यांत, आंबट वास माझ्या वेणीत. मी पाटी आणली. एका बाजूला लिहिलं "फुटली", दुसऱ्या बाजूला "अखंड". आणि जाहीर केलं की फुटलं म्हणजे फटका चुकला. हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. पण खडू हातात असला की माणूस काहीही लिहितो.

बडे बाबूंनी ते मान्य केलं आणि फळ फुटू नये यासाठी जीव टाकला. पहाटेचा सव्वा तास तसाच, त्यानंतर वीस फळं. श्रावणात विसांतली पाच अखंड. गणपतीत अकरा. त्यांना युक्ती सापडली होती: दांडा खालून नेऊन फळाला उचलल्यासारखं करायचं आणि अगदी शेवटच्या क्षणी मनगट आवरायचं. फळ अलगद सुटायचं, हवेत एक कमान घ्यायचं आणि विहिरीजवळ पडायचं, न फुटता, एक ओरखडा न येता. मी टाळ्या वाजवायचे. दसऱ्यानंतर आंबियाची, म्हणजे आधीच्या मोहोराची, गळ संपली तोवर मृगाच्या, म्हणजे पावसाळी बहाराची सुरू झाली. दिवाळीत विसांपैकी एकोणीस. मी पाटीवर "एकोणीस" लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

मावशी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "बाई, हे त्या फळाले मारून नाही राहिले व. गोंजारून राहिले."

"मावशी, याला विज्ञान म्हणतात," मी हसून म्हटलं.

"म्हनत असतीन," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

डिसेंबरात नागपूरहून मोठ्या साहेबांचं पत्र आलं. मैदानाखाली मँगनीज लागलं होतं. फेब्रुवारीत खोदाई सुरू होणार. त्याआधी जानेवारीतल्या एका रविवारी शेवटचा खेळ ठेवलाय, मी येतोय, तुम्ही तुमच्या काठ्या घेऊन या, तुमचं कार्ड लिहायचं माझ्याकडं राहिलंय. बडे बाबूंनी पत्र तीन वेळा वाचलं. मग मावशींना वाचून दाखवलं, मग मला. मग त्या कोऱ्या कार्डावर स्वतःच्या मोत्यासारख्या अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं. सव्वीस वर्षांत त्या जागी त्यांनी शेकडो नावं लिहिली असतील. आपलं लिहायला त्यांनी पेन्सिलीला दोनदा टोक काढलं.

खेळाच्या चार दिवस आधी त्यांनी बिस्किटाचा डबा अंगणात आणला. "बहनजी, एक मारून पाहतो. एकच."

आणि मी, बी.एस्सी., म्हणाले, "नको बाबूजी. हरवला तर? आणि आता ऐन वेळी हाताची सवय मोडू नका."

त्यांनी डबा आत नेऊन ठेवला. हे वाक्य मी मनातल्या मनात किती वेळा गिळून परत घेतलं असेल. तोंडातून गेलेलं ते काही परत येत नाही.

रविवारी आम्ही तिघं बसनं निघालो. तिन्ही काठ्या जुन्या धोतरात गुंडाळलेल्या. मावशींच्या मांडीवर थर्मास, त्यात मिठाचं कोमट पाणी. कंडक्टर म्हणाला, "काय जी बडे बाबू, थंडीत छत्र्या कायले?" मग मोजून म्हणाला, "अन् तीन मानसाईले तीनच? बरोबर हाय." सगळी बस हसली. बडे बाबूही हसले. त्यांना मी तेवढं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि नंतर तर नाहीच.

फाट्यावरून चालत गेलो. मैदानाच्या कडेनं खोदाईच्या खुणांचे चुन्याचे पट्टे ओढून झाले होते. मोठे साहेब काठी टेकत पुढं आले. सोबत खाणीचे चार तरुण अधिकारी. साहेबांनी बडे बाबूंचा हात हातात घेतला आणि विचारलं, "तैयार?"

"अजून नाही साहेब," बडे बाबू म्हणाले. "सव्वा तास लागंन."

तरुण अधिकारी एकमेकांकडं बघून हसले. बडे बाबूंनी कोट काढला. मावशींनी झाडाखाली घंगाळ ठेवून थर्मास ओतला. हो, घंगाळही आणलं होतं, पिशवीतून. आणि मुसळही. मग ते सुरू झाले. शंभरापर्यंत हात पाण्यात. मनगटं. मुसळ. पंचे. पाचेक मिनिटांत अधिकाऱ्यांचं हसू बंद झालं. एकानं सिगारेट विझवली. त्या माणसाच्या अंगाची एकेक हालचाल अशी घोटून घोटून गुळगुळीत झाली होती की आपण काही तरी फार मोठं बघतोय असं त्या कोरड्या मुरमावर सगळ्यांना वाटायला लागलं. पंचा पडला नाही. तीन रिकामे फटके, तिन्ही सारखे. मोठे साहेब टोपी हातात घेऊन उभे होते. म्हणाले, "बडे बाबू, ऐसी तैयारी तो मैंने ज़िंदगी में नहीं की."

"तयार," बडे बाबू म्हणाले.

त्यांनी कापसातून चेंडू काढला. खाली ठेवला. दांडा मागं गेला, खाली आला. टक्, असा एक आवाज झाला. कडक, छोटा. सहा महिने माझ्या कानांना संत्र्याच्या धप्प आवाजाची सवय, त्यामुळे मी दचकले. आणि बडे बाबू सवयीनं दूर बघत राहिले, जिथं चेंडू जाऊन पडायला हवा होता तिथं. चेहऱ्यावर तेच समाधान.

चेंडू त्यांच्यापासून दहा-बारा पावलांवर होता. खाली बघा, असं त्यांना कुणीतरी सांगावं लागलं.

जे मला सहा महिने त्यांच्या अंगणात दिसलं नाही, ते तिथं एका क्षणात दिसलं. त्यांचं मनगट ऐन वेळी मागं आलं होतं. पुढच्या फटक्याला पुन्हा आलं. त्यापुढच्यालाही. ते चेंडूला फुटू देत नव्हते. त्यांनी जोर लावायचा प्रयत्न केला, दात आवळले, मानेच्या शिरा फुगल्या. दांडा वेगानं खाली यायचा आणि चेंडूपाशी येऊन मऊ व्हायचा. मी शिकवलेलं ते मनगट आता त्यांचं ऐकत नव्हतं. मावशींनी एकदाच माझ्याकडं पाहिलं. काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

पहिलं होल चौदा फटक्यांत. दुसरं बारा. साहेब मुकाट कार्डावर लिहीत होते. बाकीचे पुढं जाऊन थांबत, पायानं मुरूम उकरत, घड्याळ बघायचं टाळत. तिसऱ्या होलाशी बडे बाबू वाळूवर पोचले तेव्हा घामानं चिंब होते, त्या थंडीत. चेंडू होलात पडला. साहेबांनी कार्डावर आकडा लिहिला.

बडे बाबू जवळ गेले. त्यांनी कार्डाकडं पाहिलं. "साहेब, तेरा झाले."

"रहने दो, बडे बाबू."

"तुमी सात लिवले."

"आज आखिरी दिन है. रहने दो ना."

बडे बाबूंनी हात पुढं केला. साहेबांनी कार्ड आणि पेन्सिल दिली. बडे बाबूंनी सातावर एक सरळ काट मारली, बाजूला तेरा लिहिले, खाली सही केली. मग कार्ड घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "तुमी चला साहेब. अंधार व्हाच्या आंधी नऊ व्हाले पायजे. मी येतो मागून."

दुपारचे बारा वाजले होते.

ते मागून गेले नाहीत. झाडाखाली येऊन घंगाळ उपडं केलं, मुसळ पिशवीत भरलं. मोठ्या साहेबांनी वळून वळून पाहिलं. कुणी वाईट वागलं असतं तर आपल्याला राग तरी धरता आला असता. त्या दिवशी सगळे चांगलेच वागले.

फाट्यावर बसची वाट बघताना आम्ही तिघं दगडांवर बसलो होतो. बडे बाबूंनी खाली बघतच विचारलं, "बहनजी, वजन तं बरोबर होतं ना?"

आता इथं एखादी शहाणी मुलगी असती तर तिनं काय केलं असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. तिनं म्हटलं असतं, बाबूजी, वजन बरोबर होतं, बाकी सगळं माझं चुकलं. फळ मऊ असतं. मी तुम्हाला मारायला नाही, आवरायला शिकवलं. तुमच्यात काही कमी नव्हतं. चार वाक्यं. पण त्या दगडावर बसलेल्या मुलीला तिच्या पर्सची काळजी होती.

"हो बाबूजी," मी म्हटलं. "वजन अगदी बरोबर होतं."

त्यांनी मान डोलावली. "मंग माहंच कमी पडलं."

बस आली.

दुसऱ्या पहाटे मला जाग आली ती शांततेनं. सपासप आवाज नाही. खिडकीतून पाहिलं तर मावशींनी घंगाळ मांडलं होतं, पाण्यात मीठही घातलं होतं. बडे बाबूंनी हात बुडवून शंभर मोजले, पुसले, आणि तिथंच बाजेवर बसून राहिले. पुढंही रोज तेवढंच. मावशी पाणी तापवायच्या, ते हात बुडवायचे, पुसायचे, बसायचे. लोखंडी काठीचा मावशींनी कपडे वाळत घालायच्या दोरीला टेकू केला. मी पाटी फोडून टाकली, आणि पाटी फोडल्यानं काहीतरी केलं असं मला वाटलं. जूनमध्ये पांढुर्ण्याला बदली मागून घेतली. निघताना त्यांच्या पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. हात कोमट होता.

मैदान फेब्रुवारीत खोदलं. आता तिथं मोठं तळं झालंय, म्हणतात. नऊ होलांचं एक होल झालं.

सहा-सात वर्षांनी मावशी एकट्या पांढुर्ण्याला आल्या. बाबूजी गेले होते. माझी थोरली पाळण्यात होती, तिला त्यांनी थोडा वेळ झोका दिला. मग पदराची गाठ सोडून घडी घातलेलं कार्ड काढलं.

"तुमचं नाव घेत होते," त्या म्हणाल्या. "म्हने, बहनजीनं तोलून देलं होतं. तिचा काही दोष नाही."

मी मावशींकडं पाहिलं. त्यांना सगळं माहीत होतं. त्या माझ्या बोलण्याची वाट बघत होत्या, चहा निवेपर्यंत. मी त्यांना आणखी पोहे वाढू का विचारलं.

कार्ड माझ्याकडं आहे. वर त्यांचं नाव. पहिल्या दोन घरांत साहेबांच्या घाईच्या अक्षरात चौदा आणि बारा. तिसऱ्यात काट मारलेले सात, बाजूला तेरा, खाली सही. सहा घरं कोरी. आणि तळाला, बारीक मोत्यासारख्या अक्षरात:

अंग तापवले: पूर्ण.
वजन: बरोबर.
दोष: खेळणाऱ्याचा.

सगळं पेन्सिलीत आहे. खोडरबरानं क्षणात जाईल, पण बडे बाबूंच्या हातचं खोडायचं नसतं. काट मारायची, बाजूला खरं लिहायचं आणि खाली सही करायची.

दर वर्षी आषाढात गळ पडली की मी कार्ड बाहेर काढते. चष्मा पुसते. पेन्सिलीला टोक काढते. हात आखडतात हल्ली, म्हणून कोमट पाण्यात मीठ घालून बुडवते, शंभर मोजते, पुसते. कार्ड सरळ करून शेवटच्या ओळीवर पेन्सिल टेकवते.

आधीचं सगळं करते. सही तेवढी राहून जाते.